माळवदाचे ओझे आणि काँक्रीटचा पट्टा

काँक्रीटच्या घराचे फायदे सांगायला बसले की सुरुवात मजबुतीपासून होते. सिमेंटचे घर पक्के आणि मातीचे कच्चे, हे आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की त्यावर विचार करायचे राहूनच जाते. मराठवाड्यातल्या खेड्यांचा इतिहास पाहिला की मात्र ही वाटणी टिकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने जी घरे कोसळली, ती लोकांच्या लेखी चांगली भक्कम होती. काळ्या दगडाच्या दोन-अडीच फूट, कुठे चार-पाच फूट जाडीच्या त्या भिंतींनी कित्येक पिढ्यांचे पावसाळे काढले होते. त्याच गावांत कुडाच्या आणि गवताच्या झोपड्यांत राहणारी गरीब कुटुंबे तुलनेने वाचली, आणि ज्यांनी आयुष्यभराची कमाई दगडात घातली होती ती गाडली गेली. जाड आणि जड म्हणजे सुरक्षित, हे गणित त्या पहाटे उलटे ठरले. माझे म्हणणे असे की काँक्रीटने आपल्याकडच्या सामान्य घराला दिलेल्या मोठ्या गोष्टी दोनच. डोक्यावरचे ओझे त्याने कमी केले, आणि भिंती, कोपरे व छप्पर यांना एकमेकांशी बांधले. बाकीचे फायदे खरे असले तरी यांच्यापुढे दुय्यम आहेत.

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. तीव्रता ६.२ च्या आसपास. एवढ्या ताकदीचे भूकंप पृथ्वीवर दरवर्षी शंभराच्या घरात होतात आणि त्यांतल्या बहुतेकांची बातमीही आपल्यापर्यंत येत नाही. इथे मात्र लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे मेली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तळणी, गुबाळ, राजेगाव, पेठ सांगवी अशा गावांत सलग उभी घरे शोधावी लागत होती. केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते, वेळ झोपेची होती, ही कारणे आहेतच. पण माणसे मेली ती घरांखाली, आणि म्हणून त्या घरांची रचना जवळून पाहायला हवी.

तिथली दगडी भिंत ही वास्तविक दोन भिंती असते. बाहेरून एक थर, आतून एक थर, दोन्हींचे बरे तोंड दर्शनी बाजूला. आणि मधल्या पोकळीत चिपा, खडे, माती. दोन्ही थरांना आरपार धरणारा लांब दगड घालायला हवा, पण असा दगड घडवायला पाथरवटाची मजुरी पडते, म्हणून तो क्वचितच असे. जोडायला चुना नाही, कालवलेली माती. पावसाळ्यांमागून पावसाळे गेले की मधली माती बसते, भिंतीला पोट येते, गिलावा करून ते झाकले जाते. ही भिंत वरचा भार सरळ खाली नेण्याचे काम उत्तम करते. आडवा हिसका बसला की मात्र तिचे दोन्ही थर वेगळे होतात. एक बाहेर रस्त्यावर पडतो, दुसरा आत झोपलेल्या माणसांवर. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंतवलेल्या नसल्या तर त्याही उभ्या चिरेने सुटतात, आणि मग छपराला आधार उरत नाही.

छप्पर म्हणजे माळवद. तुळयांवर किलच, त्यावर पाला किंवा काटक्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. हा थर एक फुटापासून अडीच फुटांपर्यंत असे. तो एकदाच टाकून भागत नाही. पावसाने तो झिजतो, गळू लागतो, म्हणून मृगाच्या आधी वर नवी माती पडते. जुनी माती काढण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही, त्यामुळे घर जितके जुने तितके त्याचे डोके जड. साधा हिशेब करून पाहा. १० चौरस मीटरच्या खोलीवर अर्धा मीटर माती धरली आणि घनमीटरला १.६ टन वजन धरले, तर आठ टन माती झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर असते, लाकूड वेगळे. त्याच खोलीवर ११ सेंटिमीटरचा काँक्रीटचा स्लॅब टाकला तर वजन भरते पावणेतीन टन. भिंतींचेही तसेच. पाऊण मीटर जाडीच्या दगडी भिंतीच्या एका चौरस मीटरचे वजन दीड टनाच्या वर जाते, आणि २० सेंटिमीटरच्या पोकळ काँक्रीट ठोकळ्यांच्या भिंतीचे ते त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतके असते. भूकंपात घराला बसणारा हिसका घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो. काँक्रीट म्हणजे जड, असा आपला समज आहे. घनफुटाला घनफूट लावला तर तो बरोबरही आहे, पण घराला घर लावून पाहिले तर काँक्रीटचे घर हलके ठरते, कारण तेवढेच काम करायला ते फार कमी लागते.

हे सांगताना जुन्या गवंड्यांना अडाणी ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यासमोरचा प्रश्न उन्हाचा होता, चोराचिलटांचा होता, आणि हाताशी काय आहे याचा होता. दख्खनच्या पठारावर काळा दगड जागोजाग मिळतो. लाकूड कमी, चुना भाजायला सरपण लागते, पांढरी माती गावातच मिळते. मे महिन्यातल्या उकाड्यात माळवदाखालची खोली किती गार असते हे तिथे राहिलेल्यांना माहीत आहे. आणि भूकंपाची भीती कोणी घालावी? त्या वेळच्या भारतीय मानकाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा पहिला विभागच रद्द झाला. तज्ज्ञांनाच जे दिसले नव्हते ते गवंड्याला दिसायला हवे होते, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

इथे पहिला आणि माझ्या मते सर्वांत वजनदार आक्षेप येतो. त्याच गावांत लाकडी खणांची घरे होती. जमिनीवर दगडी उथळ्यावर सागवानी नाहीतर लिंबाचे खांब, त्यावर तुळया, आणि माळवदाचा सगळा भार या सांगाड्यावर. भिंत फक्त आडोशाला. भूकंपानंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवले की अशा घरांच्या भिंती पडल्या तरी सांगाडा अनेक ठिकाणी उभा राहिला आणि छप्पर खाली आले नाही. मग परंपरेतच उत्तर असताना काँक्रीट कशाला? आक्षेप बरोबर आहे, आणि तो माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जात नाही. खणाचे घर वाचले ते त्याचा सांगाडा बांधलेला होता म्हणून. काँक्रीटचा कॉलम-बीमचा सांगाडा हे तेच तत्त्व दुसऱ्या साहित्यात आहे. फरक पडतो तो पुढे. पूर्ण खणाचे घर उभारायला लागणारे लाकूड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात राहिले नव्हते. ऐपतदाराने चारी बाजूंना खांब लावले. ज्याला ते जमले नाही त्याने भिंतीकडेचे खांब गाळून तुळया थेट दगडमातीच्या भिंतीवर टेकवल्या. बाहेरून दोन्ही घरे सारखीच दिसत. परंपरा टिकली होती ती नुसत्या रूपाने, आणि तिच्यातला जीव वाचवणारा भाग लाकडाच्या टंचाईने काढून नेला होता.

लाकडाच्या इतरही मर्यादा महाराष्ट्राने भोगल्या आहेत. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला. दगडी जोते आणि तट तेवढे राहिले, कारण वरचे सगळे लाकडी होते. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात बसले. भिंतीतली माती भिजली आणि मजले खाली आले. सिमेंट पाण्यात विरघळत नाही, उलट पाण्यानेच ते आवळते. आगीपासून, वाळवीपासून आणि पुरापासून मिळणारे हे संरक्षण कमी महत्त्वाचे नाही, पण त्यावर सहसा कोणी वाद घालत नाही, म्हणून पुढे जातो.

काँक्रीट स्वतः बांधून ठेवणारे नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. नुसते काँक्रीट दाबाला भक्कम असते आणि ताणाला दुबळे. ताण सोसण्याची त्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण एक दशांश. त्यात सळई घातली की ताण सळई घेते. उन्हाने दोन्ही जवळजवळ सारखीच प्रसरण पावतात, त्यामुळे पकड सुटत नाही. आणि सिमेंटचा गुणच अल्कधर्मी असल्याने आतले लोखंड गंजत नाही. हा योगायोग मोठा भाग्याचा आहे. फ्रान्समध्ये मोन्ये या माळ्याने १८६७ मध्ये आपल्या कुंड्यांसाठी याचे पेटंट घेतले आणि १८९२ मध्ये एनबिकने कॉलम, बीम आणि स्लॅब एकसंध ओतण्याची पद्धत बसवली. कॉलममधली सळई बीममध्ये वळते, बीममधली स्लॅबमध्ये शिरते. घराचे भाग एकमेकांवर ठेवलेले राहत नाहीत.

मुंबईत हे तंत्र सामान्यांच्या घरापर्यंत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पोहोचले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथल्या बीडीडीच्या (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) २०७ चाळी त्या दशकात प्रबलित काँक्रीटमध्ये उभ्या राहिल्या. त्या खोल्या अंधाऱ्या आणि लहान होत्या, त्यांच्यावर टीका झाली, आणि ती योग्यच होती. तरी खाऱ्या हवेत, चौपट गर्दी सोसत, त्या सुमारे शंभर वर्षे उभ्या राहिल्या, ही नोंदही केली पाहिजे. इंडियन काँक्रीट जर्नल १९२७ पासून निघू लागले, १९३६ मध्ये एसीसी ही सिमेंट कंपनी स्थापन झाली, पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे मध्यमवर्गीयांसाठी घरांचे नमुने देणारी पुस्तके लिहीत होते, आणि मरीन ड्राइव्हवर काँक्रीटच्या इमारतींची रांग उभी राहत होती. शहराला साठ वर्षे सरावाचे झालेले हे साहित्य किल्लारीला मात्र १९९३ पर्यंत जवळजवळ पोहोचलेच नव्हते. याचे एक कारण गरिबी, आणि दुसरे सरकारी नियंत्रण. स्वातंत्र्यानंतरचा बराच काळ सिमेंटचे वाटप आणि भाव नियंत्रित होते. परमिटाशिवाय पोते मिळत नसे. महाराष्ट्राने याच वाटपाच्या वादात १९८२ च्या जानेवारीत मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांचा राजीनामा पाहिला. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण गेले. म्हणजे खेड्यातला शेतकरी दुकानात जाऊन हवे तेवढे सिमेंट घेऊ शकेल अशी स्थिती आली त्याला भूकंपाच्या वेळी जेमतेम चार वर्षे झाली होती. मधल्या चार दशकांत लाकूड महाग होत गेले आणि सिमेंट मिळत नव्हते. त्या फटीत बिनखांबांची, जड डोक्याची घरे वाढली. माझ्या मते किल्लारीच्या मृतांच्या आकड्यामागे हा इतिहास आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून राज्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला. सर्वांत उद्ध्वस्त ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली, बहुतेक काँक्रीट ठोकळ्यांची आणि स्लॅबची. गुबाळला तर घुमटाकार घरे उभी राहिली. या गावांवर पुष्कळ टीका झाली आहे. रस्ते शहरी वसाहतीसारखे सरळ आणि रुंद, भावकी विखुरलेली, ढाळज नाही, जनावरांना जागा नाही, कडब्याला जागा नाही, उन्हाळ्यात स्लॅब तापून रात्री झोप नाही. लोकांनी पुढे आपल्या हाताने पत्र्याची शेडे आणि दगडी भिंती जोडल्या, त्यांतल्या काही पुन्हा जुन्याच धोकादायक पद्धतीच्या. ही टीका मी पूर्ण मानतो. पण तिचा रोख कुठे असावा? गल्ली रुंद की अरुंद, शेजारी कोण, गोठा कुठे, हे आखणी करणाऱ्याने ठरवले होते, सिमेंटने नाही. काँक्रीटमध्ये ढाळजही बांधता येते आणि चौकही. ठेकेदाराला एकच नकाशा शेकडो वेळा छापणे सोयीचे होते, म्हणून तसे झाले.

उन्हाचे उत्तर मात्र साहित्याच्या बाजूनेच द्यावे लागते. अडीच फूट मातीखाली जो गारवा मिळतो तो चार इंची स्लॅबखाली मिळणार नाही. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर चुन्याची सफेदी, छत थोडे उंच, समोरासमोर खिडक्या, पश्चिमेला पडवी, एवढे केले तर फरक बराच कमी होतो. तो शून्य होतो असे मी म्हणत नाही. तेवढा उकाडा ही सुरक्षिततेची किंमत आहे, आणि ती मोजण्यासारखी आहे.

दुसरा मोठा आक्षेप २६ जानेवारी २००१ ने उभा केला. भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती पडल्या आणि शेकडो माणसे मेली. काँक्रीटच जर वाचवते तर हे कसे झाले? पडलेल्या इमारतींत तळमजला गाड्यांसाठी मोकळा ठेवलेल्या अनेक होत्या: वर भिंतींनी भरलेले मजले, खाली नुसते बारीक कॉलम. कॉलममधल्या रिंगा दूर दूर, आणि त्यांची टोके ९० अंशांत वळवलेली. हिसका बसला की वरचे काँक्रीट फुटते, ९० अंशांचे टोक उघडते, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. टोक १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये रुतवले तर रिंग सुटत नाही. फिटरच्या हातातला हा एक जादा वळसा आहे. तो कसा द्यायचा हे सांगणारे भारतीय मानक १३९२० हे १९९३ मध्येच, किल्लारीच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले होते. म्हणजे अहमदाबादेतही दोष तोच होता जो किल्लारीत होता: घराचे भाग एकमेकांशी बांधलेले नव्हते. साहित्य बदलले होते, बांधणी नव्हती. गंजाचेही असेच. सळईवर पुरेसे काँक्रीट नसले, मिश्रणात पाणी वाढवले, स्लॅबवर आठवडाभरही पाणी मारले नाही, तर तीस वर्षांत लोखंड फुगून गिलाव्यासकट ढलपे पडतात. काँक्रीट आळशी देखरेख खपवून घेत नाही. दगडमातीच्या भिंतीतली चूक निदान पोट येऊन दिसते; काँक्रीटमधली चूक आत दडते. हा त्याचा खरा दोष आहे, आणि तो मान्य करूनच त्याची शिफारस केली पाहिजे.

राहिला तो पर्यावरणाचा आक्षेप. सिमेंट म्हणजे भाजलेला चुनखडक. भाजताना कोळसा जळतो आणि खडकातूनही कार्बन डायऑक्साइड निघतो. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून प्रत्येक जुने घर पाडून काँक्रीटचे बांधा, असे मी म्हणणार नाही, आणि किल्लारीच्या कार्यक्रमाचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो त्यातही तसे म्हटलेले नव्हते. स्थलांतर झालेली गावे चर्चेत राहिली, पण त्याहून कितीतरी जास्त घरे, दीड लाखाहून अधिक, जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती, आणि ते काम मालकांनी स्वतः करायचे होते. त्यासाठी शिकवलेल्या युक्त्या साध्या होत्या. माळवदावरची जादा माती उतरवायची. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई ठेवायची आणि भोक काँक्रीटने भरायचे, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरतात. नवी भिंत बांधताना दारा-खिडक्यांच्या माथ्यावर चारी भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा ओतायचा, कोपऱ्यात सळया वळवून. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवली की आरे आणि पाट्या सुटत नाहीत, तसेच हे.

या पट्ट्याला लागते किती? चार मीटर रुंद, सहा मीटर लांब घराच्या दीड फुटी दगडी भिंतींवर तीन इंच जाडीचा पट्टा धरला तर पाच-सहा पोती सिमेंट आणि रिंगा सोडून २५ किलोच्या आसपास सळई. त्याच घरावर स्लॅब टाकायला सतरा-अठरा पोती सिमेंट जाते. गावोगाव आजही पैसे हाती आले की मालक आधी स्लॅबचा विचार करतो, कारण स्लॅब दिसतो आणि पट्टा गिलाव्याखाली जातो. जुन्या दगडमातीच्या, न बांधलेल्या भिंतींवर नवा स्लॅब चढवलेली घरे मराठवाड्यात आणि बाहेरही पाहायला मिळतात. ओझे मातीऐवजी काँक्रीटचे झाले, भिंत तीच राहिली. अशा घराला पक्के म्हणणे धोक्याचे आहे, आणि घरकुलाचे पैसे देणाऱ्यांनी स्लॅबच्या हप्त्याआधी पट्टा ओतला की नाही हे पाहायला हवे. ओतल्यानंतर पहिला गिलावा चढेपर्यंतच तो डोळ्यांना दिसतो.

मजबुतीकरणाच्या त्या कामात लातूर आणि उस्मानाबादच्या गावांतल्या बचतगटांच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले होते. अनुदानाचे कागद, सिमेंटची पोती आणि गवंड्याचे काम या तिन्हींवर त्यांचे लक्ष असे. २००१ मध्ये कच्छमध्ये घरे पुन्हा उभी करण्याची वेळ आली तेव्हा यांतल्या काही जणी तिकडे गेल्या, आणि आपण आपल्या गावात काय केले, काय चुकले, अनुदान देणाऱ्यांकडून काय मागून घ्यायचे, हे त्यांनी तिथल्या बायकांना समजावून दिले.